इशाऱ्यावर चिकटवलेला स्टिकर

परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलंय. गाव आणि नाव छापू नका म्हणाल्या आहेत. पत्र मोठं आहे, कामापुरतं देतो.

«भाऊ, नमस्कार. आमचा दहा जणींचा बचत गट आहे. तीन वर्षं झाली, सोयाबीनच्या कुटारावर धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) घेतो. ओली हॉटेलवाले नेतात, उरलेली वाळवतो. अन्न खात्याची नोंदणी आहे. दिवाळीत माझा पुतण्या पुण्याची नोकरी सोडून घरी आला. त्यानं बाहेरच्या राज्यातल्या एका कंपनीकडून रेशी आणि कॉर्डिसेप्स या अळिंब्यांच्या कॅप्सूलच्या दोनशे बाटल्या आणल्या. त्यात गटाचे साठ हजार आहेत. गटाच्या नावाचं स्टिकर लावून विकतो. व्हॉट्सअ‍ॅपवर "शुगर, बीपी, गुडघेदुखी, कॅन्सरवर रामबाण" असं टाकतो. साठ बाटल्या गेल्या. आता मेडिकलवाला विचारतो, हे औषध म्हणून ठेवू का फूड म्हणून, लायसन दाखवा. पुतण्या म्हणतो, आपली नोंदणी दाखवा. कंपनी म्हणते, एसी खोली बांधून तुम्हीच कॉर्डिसेप्स पिकवा, आम्ही बायबॅक करू, म्हणजे माल आम्हीच विकत घेऊ. काय करावं? आणि एक सांगायचं राहिलं. माझे मामेसासरे, वय ६८, बाटली सुरू केल्यापासून शुगरची गोळी सोडली म्हणतात. बरं वाटतंय म्हणतात.»

ताई, तुम्ही जे "सांगायचं राहिलं" म्हणून शेवटी लिहिलंत, तिथूनच मी सुरू करतो. लायसन, स्टिकर, मेडिकलवाला हे सगळं चार दिवस थांबू शकतं, मामा थांबू शकत नाहीत. हे वाचाल त्याच दिवशी त्यांच्याकडे जा. त्यांना घेऊन डॉक्टरकडे जा, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर तपासा, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी करून घ्या. बाटली सोबत न्या आणि डॉक्टरांसमोर ठेवा, लपवू नका. गोळी पुन्हा किती आणि कशी सुरू करायची ते डॉक्टर ठरवतील, घरात ठरवू नका. आणि "बरं वाटतंय" यावर विश्वास ठेवू नका. साखर वाढत असताना कितीतरी दिवस माणसाला काहीच जाणवत नाही, तोच तर या रोगाचा दगा आहे.

हे मी इतकं ठासून सांगतो त्याला कारण आहे. माझ्या मावशीनं कुणीतरी दारावर विकलेल्या पावडरीच्या भरवशावर इन्सुलिन सोडलं होतं. चार महिन्यांनी पायाच्या अंगठ्याला खडा लागला, जखम भरेना, आणि शेवटी अंगठा काढावा लागला. पावडर विकणारा माणूस वाईट नव्हता. त्यानं फक्त "शुगरवर चालतं" एवढंच म्हटलं होतं.

आता तुम्ही पाठवलेल्या फोटोबद्दल. बाटलीच्या मागच्या बाजूचा फोटो मी मोठा करकरून पाहिला. कंपनीच्या मूळ लेबलवर बॅच नंबरच्या खाली इंग्रजीत एक ओळ आहे. तिचा अर्धा भागच दिसतो, कारण उरलेल्या अर्ध्यावर तुमच्या गटाचं हिरवं स्टिकर बसलंय. ती ओळ "औषधी वापरासाठी नाही" ही आहे. आणि वरच्या स्टिकरवर काय लिहिलंय? "शुगर कंट्रोल". पुतण्यानं मुद्दाम झाकलं असेल असं मला वाटत नाही, जागा मोकळी दिसली तिथं लावलं असणार. पण तुमच्या पत्रातल्या सगळ्या प्रश्नांची मुळं त्या दोन इंच जागेत आहेत.

कायदा काय म्हणतो ते सांगतो. आपल्याकडे खाण्याच्या वस्तूंना अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ लागू आहे. त्याची प्रत्यक्ष अंमलबजावणी ५ ऑगस्ट २०११ पासून झाली. या कायद्याचं कलम २२ आरोग्यपूरकं आणि न्यूट्रास्युटिकल, म्हणजे तब्येतीसाठी आहाराला जोड म्हणून घ्यायच्या गोळ्या-पावडरी, यांच्याबद्दल आहे. तुमच्या कॅप्सूल याच खणात बसतात. पण त्या खणाची व्याख्याच अशी आहे की वस्तू औषध नसली पाहिजे आणि तिनं कोणताही ठरावीक रोग बरा करण्याचा किंवा कमी करण्याचा दावा करता कामा नये. म्हणजे डबीत काय आहे यावर जेवढं ठरतं, तेवढंच विकणारा तोंडानं काय सांगतो यावरही ठरतं. तीच रेशी "आहाराला पूरक" म्हणून विकली तर अन्न. "शुगर उतरवते" म्हणून विकली की तुम्ही औषधाच्या कायद्याच्या अंगणात उभे, आणि तिथला कोणताही परवाना तुमच्याजवळ नाही. मेडिकलवाल्यानं विचारलेला प्रश्न अगदी बरोबर होता. त्याला नमस्कार सांगा.

याच पूरकांसाठी २०१६ साली वेगळे नियम निघाले आणि १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. लेबलवर वस्तू आरोग्यपूरक आहे का न्यूट्रास्युटिकल ते लिहायचं, "औषधी वापरासाठी नाही" ठळक लिहायचं, रोजची मात्रा लिहायची आणि तिच्यापेक्षा जास्त घेऊ नका असं बजावायचं, लेकरांच्या हाताला लागू देऊ नका हेही लिहायचं, हे सगळं त्यातच आहे. लोकांना वाटतं ही ओळ सरकारी सोपस्कार आहे, सिगारेटच्या पाकिटासारखी. तसं नाही हो. ती ओळ मामांसाठी लिहिलेली आहे. गोळी सोडून बाटली धरणारा माणूस कुठंतरी असणारच हे गृहीत धरून ती तिथं बसवली आहे, आणि आपण तीच झाकली.

तुमची नोंदणी चालेल का? नाही. आणि इथं पुतण्याची मोठी चूक होतेय. त्याला वाटतं, माल कंपनीचा, आपण फक्त स्टिकर लावतो. कायद्यात "उत्पादक" शब्दाची व्याख्या वाचा: दुसऱ्याकडून माल घेऊन त्याला फक्त लेबल लावून विकणाराही उत्पादकच धरला जातो. म्हणजे ज्या दिवशी तुमच्या गटाचं हिरवं स्टिकर त्या बाटलीला लागलं, त्या दिवशी तुमच्या दहा जणी आरोग्यपूरकांच्या उत्पादक झाल्या. तुमच्याजवळ आहे ती वाळवलेल्या धिंगरीची छोटी नोंदणी. पूरकं तयार करणाऱ्याला, उलाढाल कितीही लहान असो, केंद्रीय परवाना लागतो.

नंबर वाचायलाही शिकून घ्या, फार उपयोगी पडतं. अन्न परवान्याचा क्रमांक १४ आकडी असतो. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे. आपल्या महाराष्ट्राचे १५, म्हणून तुमच्या नोंदणीचा नंबर २१५ नं सुरू होतो, बघा काढून. केंद्रीय परवाना १०० नं सुरू होतो. फोटोतल्या बाटलीवर कंपनीचा जो नंबर आहे तो २ नं सुरू होतोय. कॅप्सूल बनवणाऱ्या कंपनीजवळ नुसती नोंदणी! फॉसकॉस या अन्न परवान्यांच्या सरकारी पोर्टलवर लायसन शोधायची सोय आहे, तिथं तो नंबर टाकून बघा: जिवंत आहे का, आणि कोणत्या मालासाठी आहे. मला तर तो चहा-मसाल्याच्या दुकानाचा निघाला तरी नवल वाटणार नाही.

पुढचा मुद्दा आत काय आहे याचा. नियमांना वनस्पतींची आणि इतर घटकांची यादी जोडलेली आहे. नाव शास्त्रीय, कोणता भाग वापरायचा, मोठ्या माणसाला दिवसाला किती, असे रकाने आहेत. "मशरूम आहे, नैसर्गिक आहे" एवढ्यावर कुणी आत येत नाही. तुमच्या बाटलीतल्या अळिंबीचं शास्त्रीय नाव यादीतल्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे आणि कॅप्सूलची मात्रा त्या मर्यादेत बसली पाहिजे. यादीबाहेरचं काही असेल तर आधी मंजुरी, मग विक्री.

आणि नावाचा घोळ कॉर्डिसेप्समध्ये सगळ्यात जास्त आहे. बाटलीवर "हिमालयन कीडाजडी" आणि डोंगराचं चित्र आहे. खरी कीडाजडी उत्तराखंड, नेपाळ, तिबेटकडच्या उंच कुरणात, अळीच्या अंगावर उगवते. तिचा भाव लाखांत असतो आणि २०२० पासून ती धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत आहे. साडेपाचशे रुपयांच्या बाटलीत ती येणं शक्य नाही. आत असते ती बहुतेक तिची चुलत बहीण, मिलिटॅरिस नावाची, काचेच्या बरणीत भातावर वाढवलेली. ती वाईट नाही, पण हिमालयाचं चित्र लावून विकली तर तो चुकीच्या लेबलचा माल ठरतो आणि त्याला ३ लाखांपर्यंत दंड आहे. दंड ज्याचं नाव बाटलीवर आहे त्याला, हे लक्षात असू द्या.

एक प्रयोग घरीच करा. दोन कॅप्सूल उघडून पावडर पांढऱ्या बशीत घ्या, थोडं पाणी घालून कालवा, वरून जखमेला लावतो त्या टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. शेजारी दुसऱ्या बशीत तुमच्या स्वतःच्या वाळवलेल्या धिंगरीची पूड घेऊन तेच करा. धिंगरी तपकिरीच राहील. कॅप्सूलची पूड काळी-निळी झाली तर तिच्यात स्टार्च आहे, म्हणजे अळिंबीच्या नावाखाली तिच्या धाग्यांसकट दळलेला भात किंवा गहू आलाय. बरेच स्वस्त उत्पादक फळधारणा होऊच देत नाहीत, धान्यावर बुरशीचं जाळं पसरलं की सगळंच दळतात. माझ्या नोकरीच्या काळात प्रयोगशाळेत हळदीतला, तिखटातला स्टार्च आम्ही असाच पहिल्यांदा पकडायचो, मग पुढची तपासणी. घरचा प्रयोग पुरावा म्हणून कुठं चालणार नाही, पण पुतण्याला बशी दाखवा. माझ्या हजार शब्दांपेक्षा तो रंग लवकर समजावून सांगेल.

अळिंबीचा आणखी एक गुण आहे, तो तुम्हाला धिंगरीसाठीही माहीत हवा: ज्यावर वाढते त्यातलं शिसं, कॅडमियम, आर्सेनिक ती ओढून घेते. म्हणून परवानाधारक उत्पादकाला दर सहा महिन्यांनी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत माल तपासावा लागतो. कंपनीकडे तुमच्या बॅचचा अहवाल मागा. "पाठवतो, पाठवतो" ऐकू आलं तर उत्तर मिळालं समजा.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल पुतण्या म्हणतो, ती काय जाहिरात आहे का. आहे. अन्न कायद्यातली जाहिरातीची व्याख्या वाचण्यासारखी आहे. प्रकाश, आवाज, धूर, वायू, छापील मजकूर, इंटरनेट यांतल्या कशानंही केलेली प्रसिद्धी, आणि लेबल, वेष्टन, बिल हेसुद्धा. धुरानं आकाशात लिहिलं तरी जाहिरात, मग फॉरवर्ड केलेला मेसेज कसा सुटेल? दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे. त्याशिवाय १९५४ चा एक जुना कायदा आहे, चमत्कारी औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा. त्याच्या यादीत मधुमेह, कॅन्सर, रक्तदाब ही नावं स्पष्ट आहेत. या रोगांवर उपाय म्हणून जाहिरात करणं हाच गुन्हा, आणि त्यात पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. गुडघेदुखी त्यांच्यापुढे किरकोळ वाटेल, पण तो दावाही अन्नाला करता येत नाही.

कुणीतरी सुचवेल की मग "आयुर्वेदिक" लिहू. तो रस्ता याहून लांबचा आहे. त्याला औषध विभागाचा वेगळा उत्पादन परवाना, कारखाना, जाणकार माणसं लागतात, घटक ठरलेल्या ग्रंथांत असावे लागतात, आणि १९५४ चा कायदा तिथंही सुटत नाही.

पुतण्याचा एक मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. तो म्हणतो, जपानमध्ये मशरूम कॅन्सरवर वापरतात. खरं आहे. टर्की टेल नावाच्या अळिंबीतून काढलेला एक घटक जपाननं १९७७ साली मान्य केला. पण औषध म्हणून केला. अर्क काढून, मात्रा ठरवून, केमोथेरपीच्या जोडीला, डॉक्टरच्या हातून. आणि मधुमेहावर रेशीचं काय? २०१५ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या तज्ज्ञांनी तोवर झालेल्या पाच चाचण्या, ३९८ माणसं, एकत्र तपासली. साखर किंवा हृदयविकाराचा धोका कमी करायला रेशी वापरावी असा आधार त्यांना सापडला नाही. उलट रेशी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर घेतली तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, आणि रेशीच्या पावडरीनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. गावात बायपास झालेले, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या खाणारे किती आहेत ते तुम्हीच मोजा. त्यांच्यातल्या कुणी बाटली घेतली असेल तर मामांनंतर दुसरा फोन त्यांना.

साठ बाटल्या कुणाकुणाला गेल्या याची वही असेल. नसेल तर पुतण्याच्या मोबाइलवरच्या पैशांच्या नोंदींवरून काढा. प्रत्येकाला एकच वाक्य सांगा: "हे औषध नाही, डॉक्टरची गोळी बंद करू नका, बाटली परत द्या, पैसे घ्या." लाज वाटेल. गावात दोन दिवस बोलणं होईल. पण याच गटाची धिंगरी लोक विश्वासानं खातात ना, तो विश्वास इथं वाचवायचाय. ग्रुपवरचे जुने मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करा आणि चूक झाली म्हणून सरळ नवा मेसेज टाका.

उरलेल्या एकशे चाळीस बाटल्या विकू नका. स्टिकर काढून विकू का, असं पुतण्या विचारेल. नको, कंपनीचा नंबरच संशयाचा आहे. बाटल्या खोक्यात बंद करा, बिल, मेसेज, पैसे पाठवल्याच्या नोंदी एकत्र ठेवा आणि कंपनीला लेखी कळवा की परवान्याची आणि तपासणी अहवालाची प्रत द्या, नाहीतर माल परत घ्या. दाद मिळाली नाही तर परभणीच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात जाऊन सहायक आयुक्तांना किंवा अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना स्वतःहून सगळं सांगा. घाबरून लपवणाऱ्यापेक्षा स्वतः चालत आलेल्या माणसाकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं जातं, हे मी टेबलाच्या त्या बाजूला बसून पाहिलंय. ग्राहक आयोगाचा आणि पोलिसांचा रस्ता त्यानंतर आहेच.

बायबॅकच्या खोलीला माझा साफ नकार. कॉर्डिसेप्सला अठरा ते बावीस अंश लागतात, दोन-दोन महिने, रात्रंदिवस. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली काय होतं आणि लाइट किती वेळ जाते ते मी तुम्हाला सांगायचं का? एका दुपारी कंप्रेसर बंद पडला की बरण्या गेल्या. आणि माल आला तरी घेणारा एकच, भाव त्याचा, पास-नापास त्याच्या हातात. अशाच बायबॅकच्या बोलीवर आपल्या भागानं ईमू पाहिलेत, कडकनाथ कोंबड्या पाहिल्यात. अंडी, पिल्लं, खाद्य विकणारे सुटले आणि खुराडी आपल्या अंगणात राहिली.

तुमच्याजवळ जे आहे त्याच्याकडे मात्र नीट बघा. धिंगरी वाळवून पूड करणं तुमच्या नोंदणीत बसतं. तीच पूड थालीपीठाच्या भाजणीत, शेवयांत, पापडात घालायची तर नोंदणीत तेवढे प्रकार वाढवून घ्या. अन्न म्हणून विका, अन्नाच्या भावानं विका. मराठवाड्याचं ऊन हे अळिंबीला वरदान आहे: कापलेली अळिंबी उन्हात ठेवली की तिच्यात ड जीवनसत्त्व तयार होतं. पाकिटावर तसं लिहायचं असेल तर आधी प्रयोगशाळेत मोजून घ्या, मग आकड्यासकट लिहा. असा दावा नियमात बसवता येतो, आणि तो खराही असतो.

पाकिटावर नाव साधं ठेवा, "वाळवलेली धिंगरी अळिंबी". घटक, पोषणमूल्यं, वजन, किंमत, बॅच, तारखा, पत्ता, १४ आकडी नंबर, शाकाहाराचा हिरवा ठिपका. आणि एक चूक बहुतेक बचत गट करतात ती टाळा: लेबल फक्त मराठीत चालत नाही, आवश्यक मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत हवाच, त्याच्या जोडीला मराठी खुशाल लिहा. पुतण्याला मोबाइल चांगला जमतो, माणसांशी बोलता येतं, त्याला हे काम द्या. त्याच्यावर ओरडू नका. साठ हजार बुडतील की काय ही भीती त्यालाही झोपू देत नसणार.

मामांची साखर किती आली ते मात्र मला कळवा. पत्र नको, फोनच करा.